दगडांचा ढीग, महत्त्व नाही

आयुष्यभर मी मुलांच्या इतिहासाच्या पेपरांवर लाल रेघा मारल्या. कुणी सन चुकवला, कुणी राजा चुकवला, की माझा पारा चढायचा. स्वतःच्या एका ओळीवर लाल रेघ मारायची वेळ मात्र निवृत्तीनंतर आली, आणि ती माझ्याकडून मारून घेतली लिहिता-वाचता न येणाऱ्या एका बाईने.

निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने मी पेठेतल्या घरात बसून सगळ्यांच्या चुका काढत होते. दूधवाल्याच्या, सुनेच्या, टीव्हीवर बातम्या वाचणाऱ्यांच्या. त्यामुळे मला काम मिळतंय म्हटल्यावर माझ्यापेक्षा घरच्यांनाच जास्त आनंद झाला. काम असं होतं. अक्कलकोटच्या बाजूला एका गावाचं गायरान, म्हणजे गावाची गुरं चरायची सामायिक जमीन, आणि त्याला लागून असलेली काही शेतं मिळून तिथे मोठी गोदामं व्हायची होती. बांधकाम सुरू होण्याआधी त्या जागेत लोकांच्या श्रद्धेचं, रीतिरिवाजाचं, जुन्या आठवणींचं असं काय काय आहे आणि गोदामांमुळे त्यातल्या कशाला धक्का लागेल, याची पाहणी करून अहवाल द्यायचा होता. प्रकल्पाचा आराखडा करणारे पुण्याचे एक साहेब होते, त्यांनी मला फोन केला. माणूस तरुण, बोलायला गोड. 'मॅडम, तुमच्याइतकं या भागाचं कुणालाच माहीत नाही,' असं म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. स्तुतीला मी पहिल्यापासून कच्ची.

त्यांनी पाठवलेला फॉर्म मोठा देखणा होता. स्थळाचं नाव, दैवत, अंदाजे वय, बांधकामाचा प्रकार, सीमेपासूनचं अंतर. शेवटी 'महत्त्व' असा रकाना, त्यात तीन चौकटी: जास्त, मध्यम, नाही. जन्मभर मार्क देत आलेल्या बाईला असा फॉर्म म्हणजे मेजवानीच की.

जीप आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या चाचांची. त्यांचे वडील ट्रक चालवायचे, हे जीप चालवतात. मेंदी लावलेली दाढी, आणि रस्ता कसाही असो, वेग एकच. गाडीत मी बोलायचं आणि त्यांनी 'जी मॅडम' म्हणायचं, अशी आमची वाटणी होती. ते काही बोलत नाहीत म्हणजे त्यांना काही म्हणायचं नाही, असं मी बरेच दिवस समजत होते.

ऐन वैशाखात आम्ही त्या गावात गेलो. चावडीवर दहा-बारा पुरुष जमले होते, सगळे जमीनवाले. निम्मे मराठीत बोलत, भांडायची वेळ आली की कानडीत शिरत. त्यांनी मला गावातलं सगळं दाखवलं. खंडोबाचं देऊळ, पिराचा दर्गा, पायऱ्यांची विहीर. विहिरीपाशी एक वीरगळ निघाला. लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड तो, आणि त्यावर गावाच्या पिढ्यान्‌पिढ्या गोधड्या धुतल्या जात होत्या. मी तिथेच उन्हात उभी राहून सगळ्या चावडीला झाडलं. त्यांनी माना खाली घालून ऐकून घेतलं आणि मग पुन्हा चहा मागवला. त्या माणसांचा मला राग टिकवताच आला नाही.

शेवटी मी विचारलं, गायरानात काय आहे? देव वगैरे?

'तितं काय न्हाय, बाई. नुसता माळ हाय,' एकजण म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

तरी मी जाऊन बघितलं, कारण न बघता लिहिणारी मी नव्हे. खरंच माळ होता. सुकलेलं गवत, ओढ्याकाठी एक जुनी बाभूळ, आणि बाभळीखाली दगडांचा लांबट ढीग, माझ्या कमरेइतका. काही दगडांवर चुन्याचे पुसट डाग होते. नुकतीच जमिनीची मोजणी झालेली, तेव्हा ते मोजणीवाल्यांचे चुन्याचे फराटे असणार, हे मी तत्काळ ओळखलं. आसपासच्या शेतकऱ्यांनी मशागतीत निघालेले दगड इथे आणून टाकलेत, हेही ओळखलं. मला सगळं तत्काळ ओळखायची सवय होती.

सावली तेवढीच होती. मी त्या ढिगावर बसले, डबा उघडला आणि कडक भाकरी नि शेंगाची चटणी खाल्ली.

जेवत असताना शेळ्या राखणारी एक बाई जवळ आली. सत्तरीची असेल. उन्हानं रापलेली, हातात काठी, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. मला ठसका लागलेला बघून तिने खांद्यावरची पाण्याची बाटली पुढे केली. मी पाणी प्यायले आणि कर्तव्य म्हणून तिलाही विचारलं, 'मावशी, इथे देव आहे का हो?'

तिने ढिगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. 'न्हाय,' म्हणाली. मग थोडं थांबून, 'आता न्हाय.'

तो 'आता' माझ्या कानावरून गेला. मी फॉर्म काढून तिच्यासमोरच लिहिलं: बाभळीखाली दगडांचा ढीग. मशागतीत वेचलेले दगड. महत्त्व: नाही. चाचा जीपला टेकून उभे होते. त्या दिवशी परत येताना ते 'जी मॅडम'सुद्धा म्हणाले नाहीत.

अहवाल गेला. पुण्याच्या साहेबांनी फोनवर तोंड भरून कौतुक केलं. वीरगळाला पत्र्याची शेड करून देऊ म्हणाले.

मार्गशीर्षात एका सकाळी चाचा दाराशी आले. अमावस्येला म्हणजे येळवसेला तुम्हाला बोलावलंय, म्हणाले. कुणी? तर त्या शेळ्यावाल्या मावशीने. का? तर तुम्ही तिचं पाणी प्यायलात ना, म्हणून. ज्याने आपल्या हातचं पाणी घेतलं त्याला येळवसेचं जेवायला बोलवायचं, अशी तिची रीत.

येळवस मला नवी नव्हती. आमच्या भागात मार्गशीर्ष अमावस्येला शेतकरी कुटुंबं सगळा स्वयंपाक घेऊन रानात जातात. कडब्याची खोप उभी करतात, आत पाच दगड चुन्याने रंगवून मांडतात, त्यांना पांडव म्हणून पुजतात, आणि अंबिलाचं, म्हणजे ताक-पिठाच्या आंबट पातळ पेयाचं, मडकं घेऊन पिकावर शिंपडत रानाला फेरी मारतात. मग सगळे तिथेच जेवतात. विद्यार्थ्यांच्या आईवडिलांनी बोलावलं म्हणून मी कित्येक येळवशी जेवले होते, आणि जेवता जेवता त्यांना या सणाचा इतिहासही सांगितला होता. मावशीच्या शेतावर जायचं म्हणून मी साडी बदलून निघाले.

जीप गावात न वळता थेट गायरानात शिरली. मी चाचांना म्हटलं, रस्ता चुकलात. ते म्हणाले, नाही मॅडम.

बाभळीभोवती सात-आठ खोपी उभ्या होत्या. चुली पेटलेल्या, पोरं पळतायत, बायका भाकरीच्या चवडी सोडतायत. मावशी पुढे आली आणि माझा हात धरून मला तिच्या खोपीशी नेलं. आत पाच दगड होते, ताज्या चुन्याने पांढरे शुभ्र. तेच पांढरे डाग. मी बाभळीखालच्या ढिगाकडे बघितलं. ते मोजणीवाल्यांचे फराटे नव्हते.

ही सगळी घरं बिनजमिनीची. वर्षभर दुसऱ्यांच्या रानात राबणारी. येळवस करायला स्वतःचं रान नाही, म्हणून त्यांच्या आज्या-पणज्यांपासून ती इथे गायरानात करतात. आणि पाच दगड असे कुठलेही उचलायचे नाहीत. त्या वर्षी ज्या ज्या रानात खुरपलं, काढणी केली, त्यातल्या पाच रानांतून एकेक दगड आणायचा. दिवसभर तो देव. दिवस मावळायच्या आत त्याला पाणी घालून उठवायचा आणि बाभळीखाली आधीच्या वर्षांच्या दगडांत ठेवायचा. मग तो देव नाही, दगड. 'आता न्हाय' ती म्हणाली होती ते अक्षरशः खरं होतं. आणि चावडीवरचे लोकही खोटं बोलले नव्हते. त्यांची येळवस त्यांच्या स्वतःच्या रानात. गायरानात त्या दिवशी कोण काय करतं हे बघायला ते कधी आलेच नव्हते.

मी विचारलं, मावशी, वैशाखात मी या ढिगावर बसून जेवले तेव्हा तुम्ही मला उठवलं का नाही?

'दमला हुता की तुमी,' ती म्हणाली, आणि माझ्या ताटात भज्जी वाढली. हरभऱ्याचे कोवळे दाणे, वालाच्या शेंगा, असलं नसलं सगळं बेसनात शिजवलेली. वर बाजरीचे उंडे, शेंगापोळी, गाडग्यात अंबिल. मी नको म्हणेपर्यंत तिने दुसऱ्यांदा वाढलं. मग ती अंबिलाचं मडकं घेऊन निघाली. मागे बायकापोरं, तोंडी कानडी-मराठीची भेसळ झालेला घोष, ज्याचा अर्थ कुणालाही सांगता येत नाही. पीक नव्हतंच, म्हणून गवतावर शिंपडलं. चाचाही त्या रांगेत चालत होते. त्यांची आई याच गावची, बिनजमिनीची. लहानपणी तेही इथेच जेवायचे. मला वैशाखातच का नाही सांगितलंत, असं मी रागाने विचारलं. ते शांतपणे म्हणाले, 'तुम्ही लिहीत होत्या, मॅडम. लिहिताना तुम्ही कुणाचं ऐकत नाही.'

हे वाक्य घरी सांगितलं तेव्हा सुनेने मान वळवून हसू लपवलं, तेही मला दिसलं.

दुसऱ्याच दिवशी पुण्याला फोन केला. आराखड्यात त्या जागी मालट्रक उभे करायचं मैदान होतं. साहेब गोंधळले. त्यांचं म्हणणं, मॅडम, तुमच्याच अहवालात 'महत्त्व नाही' आहे. मी म्हटलं, ते माझं चुकलं. मग त्यांनी विचारलं, तिथे काही बांधकाम आहे का? ओटा, छत्री, कळस, काहीही? बांधकाम असेल तर नियमात काहीतरी बसवता येईल. आठ दिवसांनी ते स्वतः बघायला येणार होते.

आणि इथे मी दुसरी चूक केली. चावडीवर फोन करून सगळं सांगितलं. त्या मंडळींना मनापासून वाईट वाटलं. साहेब यायच्या आत ओटा बांधून टाकू, वाळू-सिमेंट आम्ही देतो, वर पाच दगड पक्के बसवू, असं ठरलं. मीच ठरवलं म्हणा ना. आयुष्यभर कॉपी करणाऱ्या मुलांना वर्गाबाहेर काढणारी मी, आठ दिवसांत जुनं देवस्थान उभं करायला निघाले होते. गडी घेऊन चावडीवरची मंडळी बाभळीपाशी पोचली, तेव्हा मावशी ढिगासमोर काठी आडवी धरून बसली होती. हलेना. मला बोलावणं आलं. मी जीपमधून उतरतानाच समजूत घालायला सुरुवात केली. ओटा झाला तर जागा वाचेल, मावशी, असं परोपरीने सांगितलं.

'बांदलं की त्ये कुणाचं तरी हुतंय, बाई,' ती म्हणाली. 'आज वाळू दिली, उद्या पाटी लागंल. आन पुढच्या वर्षाचं दगडं मी कुटं ठेवू?'

चावडीवरच्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. पाटीवर कुणाचं नाव घालायचं याची चर्चा, मला नंतर कळलं, आदल्या दिवशी खरंच झाली होती. वाळू परत गेली.

साहेब आले. स्वच्छ पांढरे बूट, हातात नकाशाची गुंडाळी. ढिगाला एक फेरी मारून त्यांनी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगते, कारण त्या दिवशी मी त्याला मनातल्या मनात बरंच काही म्हटलं होतं. त्याचा प्रश्न साधा होता. हे जुनं आहे याला पुरावा काय? कागद नाही, बांधकाम नाही, नोंद नाही. नोंद आहे ती 'महत्त्व नाही' अशी. पुरावा काय, हा प्रश्न मी जन्मभर मुलांना विचारत आले होते.

मावशीला आमचं बोलणं ऐकू जात होतं. ती उठली आणि ढिगातला एक दगड उचलून साहेबांच्या हातात दिला. हा अमक्याच्या मळ्यातला, धाकटी लेक झाली त्या वर्षीचा. दुसरा. हा ओढ्यापलीकडच्या रानातला, तिथे आता घरं झाली. तिसरा तांबूस होता. हा गावात मुरमाचं एकच रान आहे तिथला, याला नांगराचा ओरखडा आहे बघा. साहेबांना वाटलं असेल की बाई मनचं सांगतेय. त्यांनी स्वतः वाकून एक काळा, कडेला फुटलेला दगड उचलला आणि विचारलं, आणि हा?

तिने तो हातात फिरवला. मग काठीने लांबवर दाखवलं. तिथे विकत घेतलेल्या शेतावर कंपनीचं पत्र्याचं ऑफिस उभं होतं.

'त्यो तुमच्या हापिसाखालचा. तूर हुती तितं. म्या खुरपलीया.'

साहेबांनी तो दगड परत घेऊन होता तिथे ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, सगळे दगड नीट उचलून गावाजवळ हलवू, आहेत त्याच क्रमाने मांडू, चांगली जागा देऊ. ते मनापासून बोलत होते.

'दगडं न्या की. दगडं कुटं बी मिळत्यात,' मावशी म्हणाली. 'वरीसभर आमी लोकांच्या बांधावर जेवताव. एक दिस आमी लोकास्नी जेवाय बोलवताव. त्ये कुटं न्हेणार तुमी?'

मला तेव्हा लख्ख कळलं की येळवसेला तिने मला का बोलावलं होतं. माझ्याकडून काही करून घ्यायला नव्हे. तिला पाहुणा हवा होता. स्वतःच्या रानात, स्वतःच्या हाताने वाढायला. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी चाचांवर खेकसले की जीप सावलीत का लावली नाही.

मी अहवाल पुन्हा लिहिला. जुनी ओळ गाळली नाही. तिच्यावर लाल रेघ मारून ती तशीच ठेवली, खाली लिहिलं, ही पाहणी करणाऱ्या बाईची चूक, आणि मग चार पानं लिहिली. 'बांधकामाचा प्रकार' या रकान्यात लिहिलं: काही नाही, दरवर्षी वाढतं. साहेबांचा फोन आला, मॅडम, असं लिहिता येत नाही. मी म्हटलं, लिहिलंय.

बरेच दिवस काही कळलं नाही. मग एक दिवस नवा नकाशा आला. गोदामांची भिंत सरळ येते, बाभळीपाशी आत वळते, ढीग आणि खोपींपुरती जागा बाहेर सोडते आणि पुन्हा सरळ जाते. बाकी गायरान गेलं, हे मी विसरत नाही. मावशीच्या शेळ्या आता ओढ्याच्या काठाने चरतात. पण साहेबांनी मला सांगितलं की त्या खाचेमुळे नकाशा फार वेडावाकडा दिसतो, आणि सांगताना त्यांचा आवाज खूश होता.

पुढच्या येळवसेला पुन्हा बोलावणं आलं. या वेळी निरोपासोबत हुकूम होता: येताना दगड घेऊन या. मी चाचांना म्हटलं, मला कुठलं रान? मी कुठे खुरपायला जाते? तिथे पोचल्यावर मावशीलाही तेच सांगितलं.

'मग वरीसभर राबलासा कुटं?' तिने विचारलं.

मी इकडे तिकडे बघितलं. भिंतीचा पाया खणताना निघालेली माती खाचेच्या कडेला पडली होती. तिच्यातून मी मुठीएवढा एक दगड उचलला. तिने तो निरखला आणि पाच जणांच्या शेजारी, जरा बाजूला, मांडला. तुम्हाला एकच पुरे, म्हणाली, तुम्ही एकच रान केलंय. चुना मी लावला. निम्मा माझ्या साडीवर सांडला.

दिवस कलल्यावर तिने दगडांना पाणी घातलं, उठवलं आणि बाभळीखाली नेऊन ठेवले. माझाही ठेवला. खोपी मोडायला सुरुवात झाली. दिवसभर मांडी घालून माझे गुडघे धरले होते, आणि टेकायला दुसरं काही नव्हतं. मी ढिगाशेजारी बाभळीला धरून उभी राहिले. मावशीने ते बघितलं आणि पदराने ढिगावरची एक जागा पुसली.

'बसा की,' म्हणाली. 'आता तुमचा बी हाय त्यात.'